पेटीच्या बाई हेडबाई झाल्या

ग्लॅडिस रणपिसे मुख्याध्यापिका होऊन येणार, ही बातमी त्यांच्या आधीच वाकेवाडीच्या शाळेत पोचली होती आणि शिक्षकांच्या खोलीत ती कुणालाच खरी वाटत नव्हती.

"कोण? त्या पेटीच्या बाई?" पर्यवेक्षक विनोद सर चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "शाळा म्हंजी काय भजनी मंडळ हाय व्हय?"

सगळे हसले. विनोद सर मात्र हसले नाहीत. ते पीटीचे शिक्षक. जुने हेडमास्तर निवृत्त झाल्यावर ती खुर्ची आपल्यालाच मिळणार असं त्यांनी गृहीत धरलं होतं, आणि गावानंही.

बाईंचं असं होतं, की याच शिक्षणसंस्थेच्या दौंडच्या शाखेत त्या कितीतरी वर्षं संगीत शिकवत होत्या. संगीताचे तास थोडे, म्हणून जोडीला मराठी. बी.ए., बी.एड. झालेलं होतं. सेवाज्येष्ठतेत त्यांचं नाव हळूहळू वर सरकत होतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्याही नाही. संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असला की बाई पेटी घेऊन हजर. स्वागतगीत, ईशस्तवन, निरोप समारंभ, सगळीकडे त्या कोपऱ्यात पेटीवर वाकलेल्या. त्यामुळे संस्थेतल्या लोकांना त्यांचा चेहरा नीट आठवायचा नाही, डोक्याचा भांग तेवढा आठवायचा.

वाकेवाडी शिरूर तालुक्याच्या अगदी टोकाला, भीमेच्या काठावर. नदीच्या पलीकडे दौंड तालुका. बाई राहायला केडगावला. त्यांचे यजमान बन्यामीन मालगाडीवर गार्ड होते. हल्ली त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, याचा त्यांना फार आनंद. बाईंना आदेश मिळाला तेव्हा ते म्हणाले, "चला, आता घरात दोन मॅनेजर. भाजी कोण आणणार?"

जूनमध्ये बाई स्कूटीवरून पूल ओलांडून वाकेवाडीला रुजू झाल्या. आयुष्यात त्यांनी हेडमास्तर पुष्कळ बघितले होते, आणि ते सगळे एकाच जातीचे. मोठा आवाज, जाड चष्मा, दारातून आत येताना खोकणं. आपल्यालाही तसंच व्हावं लागणार अशी त्यांची समजूत झाली. चष्मा होताच. खोकण्याचा सराव त्यांनी वाटेत केला.

पहिल्याच परिपाठाला पोरांची कुजबुज चालली होती. बाई पुढं झाल्या आणि छातीत हवा भरून ओरडल्या, "शांत बसा!"

आयुष्यभर सुरात लावलेला आवाज तो. 'शांत'वर चढला, 'बसा'वर फुटला आणि शेवटी नुसती शिट्टीसारखी हवा बाहेर आली. सगळी शाळा हसली. मागं उभ्या असलेल्या शिक्षकांनी तोंडावर रुमाल धरले. विनोद सरांनी गळ्यातली शिट्टी एकदाच फुंकली. लगेच सगळं चिडीचूप.

"व्हा सुरू, मॅडम," ते अदबीनं म्हणाले. त्या अदबीनं बाईंना जास्तच लागलं.

त्या दिवसापासून बाईंनी आवाजाचा नाद सोडला आणि कागदाचा धरला. रोज एक सूचना निघायची. व्हरांड्यात थांबू नये. तासाला वेळेवर जावे. शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं बोलू नये. गणिताच्या सारिका मॅडम दर मंगळवारी उशिरा यायच्या, त्यांना बाईंनी लेखी ज्ञापन दिलं. सारिका मॅडम वयानं लहान, नोकरीत नवीन. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं, सही केली आणि वर्गावर गेल्या.

जुलै संपेपर्यंत शाळा शिस्तीत आल्यासारखी दिसायला लागली. बाई शिक्षकांच्या खोलीत शिरल्या की बोलणं थांबायचं. पण बाईंचे कान तयार होते. गाणं सुरू होण्याआधीची शांतता आणि पेटीचा भाता फाटल्यावरची शांतता, यांतला फरक त्यांना ओळखता येत होता. ही दुसऱ्या प्रकारची होती.

एका रविवारी चर्चहून परत येताना त्यांनी बन्यामीनजवळ हे बोलून दाखवलं.

"मला नाही जमत हो हे. मी ओरडले तर हसतात, कागद काढले तर रुसतात."

"घरात तू कधी ओरडतेस?" बन्यामीननी विचारलं.

"घरात कशाला ओरडू?"

"तरी घर चालतं ना?"

"घरात दोन माणसं आहेत, अहो. तिथं शिक्षक, पोरं, पालक, कमिटी..."

"दोनच आहेत, पण त्यातला एक मी आहे," बन्यामीन म्हणाले. "म्हणजे काही सोपं काम नाही ते. तू माझं ऐकून घेतेस, मग तुला हवं तेच करतेस, आणि मला वाटतं मीच ठरवलं. तेच कर की तिथं."

बाईंना हसू आलं. पण सोमवारी त्यांनी शिपायाला सांगून आपली खुर्ची ऑफिसातून बाहेर काढली आणि व्हरांड्याच्या मधोमध ठेवली. शालार्थचं पगाराचं आणि यू-डायसचं शाळेच्या माहितीचं काम लॅपटॉपवर तिथंच बसून करायचं ठरवलं. शिक्षकांना वाटलं, आता ह्या पहारा करणार. पहिले काही दिवस सगळे तासाला धावत गेले. पण बाई कुणाला काही म्हणेनात. त्या नुसत्या ऐकत होत्या.

ऐकता ऐकता त्यांना शाळा कळायला लागली. जेवणाच्या सुट्टीनंतर नववी ब का बोंबलते, तर शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तेव्हा पोषण आहाराची भांडी घासतात आणि शिक्षकाचा शब्द मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. बाईंनी भांडी घासायची जागा विहिरीकडं हलवली. नववी ब गप्प झाली. विनोद सर बदली तासाला गेले की शिवकाळातल्या लढाया अशा काही रंगवून सांगायचे, की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा भिंतीला कान लावायची. आणि सारिका मॅडम मंगळवारी उशिरा यायच्या, कारण शिरूरहून येणारी सकाळची एसटी त्या दिवशी नसायची, आणि वडापची जीप भरल्याशिवाय निघायची नाही.

हे बाईंना सारिका मॅडमनी सांगितलं नाही. मॅडमचं शिपायाशी बोलणं चाललं होतं, त्यात बाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना हाक मारली.

"मंगळवारचा तुमचा पहिला तास मी घेते. मराठीचा. तुम्ही माझा शेवटचा घ्या."

"चालेल मॅडम. पण ते ज्ञापन..."

"ते काढून टाकलं मी. मी आधी विचारायला हवं होतं."

सारिका मॅडम दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. "मॅडम, एक सांगू? तुमच्या सूचना आम्ही वाचत नाही. त्यापेक्षा तुम्ही नुसतं सांगितलं तरी आम्ही करू."

"मग आजपासून सूचना बंद," बाई म्हणाल्या. दोघीही हसल्या.

शिक्षकांच्या बैठकीतही बाईंनी एक बदल केला. नोकरीत सगळ्यात नवीन असेल त्यानं आधी बोलायचं, जुन्यांनी नंतर, आणि हेडबाईंनी सगळ्यांत शेवटी. विनोद सरांना हे पटलं नाही. त्यांची पाळी येईपर्यंत त्यांचे मुद्दे दुसऱ्यांनीच मांडून झालेले असायचे. एकदा बैठक संपल्यावर ते मागं थांबले.

"बाई, एक विचारतो. तुम्ही मला शिस्तीचं सगळं बघायला दिलंय, मैदान दिलंय, सहली दिल्यात. मग तुम्ही काय करता?"

"तुम्हाला वाटतं ना, ही खुर्ची तुम्हाला मिळायला हवी होती?"

विनोद सर इकडंतिकडं बघायला लागले.

"पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटत होतं," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी पुलावर वाटायचं, विनोद सरांना देऊन टाकावी आणि आपण दौंडला परत जावं."

विनोद सर पहिल्यांदा मोकळं हसले. "मग दिली का न्हाई?"

"आता मजा यायला लागली."

दिवाळी झाली, आणि खरी परीक्षा पुढं आली. नदीपलीकडच्या करंजवाडीला संस्थेची एक छोटी शाळा होती. तिची पटसंख्या कमी झाली म्हणून दुसऱ्या सत्रात ती बंद करून तिथली मुलं वाकेवाडीत पाठवायचं ठरलं. मुलं जीपनं पूल ओलांडून आली. पण करंजवाडीच्या पालकांच्या मनात ते नव्हतं. आमची शाळा गिळली, असं ते म्हणत होते. इकडं वाकेवाडीची पोरं नव्या मुलांना 'पलीकडची' म्हणायला लागली. पाण्याच्या टाकीपाशी दोन रांगा झाल्या, जेवायला दोन पंगती झाल्या. एकदा डब्यांची फेकाफेकही झाली आणि विनोद सरांची शिट्टी दुपारभर वाजत राहिली.

करंजवाडीच्या मुलांची पुढारी होती दहावीतली राजनंदिनी. उंच, सडसडीत, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी ती एक गोणी ओढत बाईंच्या खुर्चीपाशी आली. गोणी खळखळत होती.

"बाई, आमच्या लेझमी कुठं ठेवायच्या?"

"खेळाच्या खोलीत. इथल्या लेझमी आहेत तिथंच."

"न्हाई. येगळ्या ठेवायच्या. मिसळल्या तर मग कुठली कुणाची ते कळायचं न्हाई."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. त्या गोणीत तिची सगळी शाळा होती.

"ठेव वेगळ्या," त्या म्हणाल्या. "कपाट देते. किल्ली तुझ्याकडं."

जानेवारीत स्नेहसंमेलन. वाकेवाडीचं संमेलन म्हणजे लेझीम. विनोद सरांनी बसवलेलं पथक गावाचा अभिमान होतं. पण करंजवाडीचं पथकही काही कमी नव्हतं, आणि तिथल्या पालकांनी निरोप पाठवला, की आमच्या पोरांचं लेझीम आधी झालं पाहिजे, न्हाईतर आमची पोरं येणार न्हाईत. शालेय समितीचे अध्यक्ष बापूसाहेब हे ऐकून शाळेत आले. बागायतदार माणूस. कारखान्याच्या राजकारणात आयुष्य गेलेलं. त्यांचा आवाज इतका मोठा, की बाईंना व्हरांड्यातून तो फाटकापासूनच ऐकू आला.

"हेडबाई, हे चालायचं न्हाई. पहिलं लेझीम वाकेवाडीचं. आमच्या बापजाद्यापासनं!"

"बापूसाहेब, तुम्ही म्हणता ते मी ऐकलं. शनिवारी दोन्ही गावांना बोलावू. तुम्ही या."

शनिवारी दहावीच्या वर्गात दोन्हीकडचे पालक जमले. एका बाजूला वाकेवाडी, दुसऱ्या बाजूला करंजवाडी, मधे रिकामी वाट. बाईंनी बैठकीतला नियम इथंही लावला. "जे कधी सभेत बोलले नाहीत, त्यांनी आधी बोलायचं. अध्यक्ष सगळ्यात शेवटी."

बापूसाहेबांना हे नवीन होतं. ते पुढच्या बाकावर अवघडून बसले. बाक लहान, बापूसाहेब मोठे. बायका बोलल्या, म्हातारे बोलले. करंजवाडीच्या एका बाईनं सांगितलं, की तिचा पोरगा इथं एकटाच जेवतो म्हणून ती रोज रडते. दुसरी वाकेवाडीची. ती म्हणाली, की आमच्या घरी पाठवा त्याला. दर वेळी बापूसाहेब तोंड उघडायचे आणि बाई हसून म्हणायच्या, "तुमची पाळी शेवटी." अखेर पाळी आली तेव्हा ते उठले, घसा खाकरला, आणि थांबले.

"माझं बोलायचं सगळं लोकांनीच बोलून टाकलं की," ते म्हणाले. सगळा वर्ग हसला. तेही हसले.

मागून कुणीतरी ओरडलं, "भांडण कशाला? दोन्ही पथकं एकदमच नाचवा की!"

ही सूचना सगळ्यांना पटली, आणि ती ऐकून बाईंचे डोळे चमकले. संगीत शिक्षिकेला आपलं काम सापडलं होतं.

त्या आठवड्यात बाईंनी एक गाणं रचलं. दोन तीरांची एक शाळा, नदी वाहते मधोमध, असं त्याचं ध्रुवपद. चाल खरंच गोड होती. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची व्हरांड्यातून उचलली, मैदानात पेटी मांडली, दोन्ही पथकं समोर उभी केली आणि तालीम सुरू केली.

"थांबा. 'नदी'वर पाऊल चुकलं. पुन्हा."

"थांबा. हलगी आधी आली. पुन्हा."

"राजनंदिनी, तू फार वाकतेस. सगळ्यांनी सारखं वाकायचं. पुन्हा."

इतके महिने ज्या बाई सगळ्यांना बोलू देत होत्या, त्या पेटीवर बसल्या की वेगळ्याच व्हायच्या. चुकीचा सूर लागला की त्यांचा हात आपोआप वर जायचा. पोरांना तीन पावलं सलग टाकता येईनात. वाकेवाडीच्या पोरांचे खांदे पडले, करंजवाडीच्या मुलींची तोंडं आंबट झाली. दोन्ही गावांची पोरं एका गोष्टीवर मात्र एक झाली होती. तालमीचा सगळ्यांनाच कंटाळा आला होता.

चौथ्या दिवशी तालीम संपल्यावर विनोद सर आले. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली.

"बाई, रागावणार न्हाईत ना?"

"बोला."

"तुम्ही हेडबाई म्हणून दिवसभर सगळ्यांचं ऐकता. आख्ख्या संस्थेत असा हेडमास्तर मी बघितला न्हाई. पण पेटीवर बसलात की तुम्ही कुणाचंच ऐकत न्हाई."

बाईंचा चेहरा लाल झाला. "संगीत मला कळतं, सर."

"कळतं, म्हणूनच म्हणतो. लेझीम कळत न्हाई तुम्हाला. मला कळतं, आन् त्या पोरीला माझ्यापेक्षा जरा जास्तच कळतं. ती वाकते ती चूक न्हाई. करंजवाडीची चालच तशी हाय, सावकाश आन् खोल. आमची उडती. तुम्ही दोन्हीला एका मापात बसवायला बघता."

बाईंनी पेटीचं झाकण लावलं आणि स्कूटी काढली. घरी पोचेपर्यंत त्या मनातल्या मनात विनोद सरांशी भांडत होत्या. आपल्याला संगीत येत नाही असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. पण भाकरी थापता थापता त्यांना त्या चार दिवसांतले पोरांचे चेहरे आठवायला लागले, एकेक करून. हसणारा एकही आठवेना. बन्यामीन ड्यूटीवर होते, त्यामुळे भांडायलाही कुणी नव्हतं. जेवता जेवता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बरोबर बोलला तो माणूस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी विनोद सरांना आणि राजनंदिनीला बोलावलं.

"नाच तुम्ही दोघं बसवा. मी मधे बोलणार नाही. मला नुसती साथीला घ्या, पेटीवर."

"आन् गाणं?" राजनंदिनीनं विचारलं.

"नको असेल तर राहू द्या."

राजनंदिनीनं जरा विचार केला. "बाई, गाणं लय गोड हाय. पण लेझीम येवढं गोड नसतं. सुरुवातीला दोन ओळी ठेवू. मग हलगी."

"दोन तर दोन," बाई म्हणाल्या. आतून जरा दुखलंच.

पुढच्या तालमींना विनोद सर आणि राजनंदिनी रोज भांडत होते. सर म्हणायचे पवित्र्याचा डाव आधी, ती म्हणायची चार आवाजाचा डाव आधी. पण भांडता भांडता पोरं नाचत होती. बाई पेटी घेऊन कडेला बसायच्या. हात वर जायला लागला की तो मांडीखाली दाबून धरायच्या. सारिका मॅडमनी ते बघितलं आणि हसून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. एके दिवशी पोरंपोरी कपाटातल्या आणि खोलीतल्या लेझमी सरसकट उचलून घेऊन गेली. कुठली कुणाची हे विचारायला कुणी थांबलं नाही.

संमेलनाच्या दिवशी दुपारीच मैदान भरलं. उसाचे ट्रॅक्टर रस्त्याकडेला थांबवून माणसं आली. पलीकडून करंजवाडी आली. पुढच्या रांगेत बापूसाहेब, त्यांच्या शेजारी संस्थेचे पाहुणे. बन्यामीनही सुट्टी काढून आले होते आणि चहाच्या टेबलापाशी ओळखी करून घेत होते.

सगळे कार्यक्रम झाले आणि शेवटी लेझीम. बाईंनी पेटी धरली. मुलांनी दोन ओळी म्हटल्या, सुरात म्हटल्या. मग हलगी कडाडली, ढोल घुमला, आणि त्यानंतर पेटी कुणालाच ऐकू गेली नाही. बाई वाजवत राहिल्या. भाता हलतोय एवढंच लोकांना दिसत होतं.

सुरुवात झकास झाली. पण गावातली माणसं टाळ्या वाजवायला लागली तशी ढोलवाली पोरं चेकाळली. ढोल धावायला लागला. वाकेवाडीची ओळ ढोलाबरोबर पळाली, करंजवाडीची ओळ आपल्या सावकाश चालीनं खाली वाकली, आणि दोन्ही ओळी मधोमध एकमेकींत घुसल्या. कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला. एका पोराच्या हातातून लेझीम सुटली, वर उडाली आणि पुढच्या रांगेत बापूसाहेबांच्या पायापाशी येऊन खणकली. हलगी थांबली. ढोल थांबला.

बापूसाहेब अर्धे उठले. सगळी पोरं हेडबाईंकडं बघायला लागली.

बाईंचे दोन्ही हात पेटीवर होते. त्यांनी ते तिथंच ठेवले. त्यांना कळत होतं, की आपण एक शब्द बोललो तर हा नाच आपला होईल आणि पोरांचा राहणार नाही. विनोद सरांचा हात खिशातल्या शिट्टीकडं गेला. मग त्यांनी राजनंदिनीकडं बघितलं आणि हात तसाच बाहेर काढला.

राजनंदिनी मधोमध उभी होती. वेणी सुटलेली, कपाळावर घाम. आजूबाजूला अडकलेले हातपाय बघून तिला हसू फुटलं. ती इतकी मोठ्यानं हसली, की तिच्यासमोर आदळलेला वाकेवाडीचा पोरगाही हसला, मग दोन्ही ओळी हसल्या. हसू ओसरल्यावर तिनं लेझीम वर धरली.

"परत!" ती ओरडली. "आमच्या पायानं सुरू करू, तुमच्या पायानं संपवू! ढोल, हलगीच्या मागं राहा रे!"

हलगी सावकाश सुरू झाली. दोन्ही ओळी एकदम खाली वाकल्या, करंजवाडीच्या चालीनं, जमिनीला हात लागेपर्यंत. मग हलगी जराशी चढली. मग आणखी. वाकेवाडीची उडी त्यात कधी मिसळली ते कुणालाच कळलं नाही. शेवटी सगळं पथक एकदम हवेत होतं आणि लेझमींचा खणखणाट नदीपर्यंत जात होता. लोक उभे राहिले. बापूसाहेबांनी पायापाशी पडलेली लेझीम उचलली, ती परत द्यायला म्हणून आत गेले आणि तिथंच दोन पावलं नाचले. पाहुण्यांनी फोन काढून त्यांचं शूटिंग केलं. लेझीम हरवलेला पोरगा मोकळ्या हातांनीच नाचत होता.

सगळं संपल्यावर विनोद सर घाम पुसत बाईंकडं आले.

"कसं झालं, बाई?"

"मधे विस्कटलं," बाई म्हणाल्या. "तिथंच मला सगळ्यात जास्त आवडलं."

"आन् पेटी?"

"कुणाला ऐकू आली नसेल."

"मला आली," विनोद सर म्हणाले. ते खोटं बोलत होते, आणि ते खोटं बोलताहेत हे बाईंना कळलं होतं. तरी बरं वाटलं.

बन्यामीन तोवर बापूसाहेबांबरोबर चहा पीत उभे होते. बापूसाहेब त्यांना पटवून देत होते, की दोन्ही गावं एकत्र आणायची कल्पना मुळात आपलीच. बन्यामीन मान हलवत होते आणि बायकोकडं बघून डोळे मिचकावत होते.

सोमवारी शाळा भरली. करंजवाडीची जीप फाटकाशी थांबली तेव्हा वाकेवाडीची काही पोरं तिथं आधीच उभी होती. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. डबा काय आणलाय एवढंच विचारलं आणि सगळी आत पळाली. राजनंदिनी आणि विनोद सर मैदानात कुठल्याशा नव्या गोष्टीवरून जोरजोरात वाद घालत होते. तालुक्याच्या लेझीम स्पर्धेला जायचं, हे दोघांचं ठरलेलं दिसत होतं. पुढं कोण उभं राहणार, यावर अडलं होतं. ग्लॅडिसबाईंनी व्हरांड्यातून थोडा वेळ ऐकलं. दोघांचेही आवाज चढे होते, पण आनंदी होते. मग त्यांनी लॅपटॉप उघडला आणि शिक्षकांचे पगार वेळेवर व्हावेत म्हणून शालार्थच्या कामाला लागल्या.